बाबांच्या जुन्या पीसीला रॅम: इथून नेऊ की नवी पेठेत घेऊ?

लिस्टवरच्या सोलापूरकर मंडळींना नमस्कार,

नऊ वर्षांनी गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) चाललोय, १० जानेवारीला सोलापुरात पोचेन. बॅगेत थोडी जागा आहे म्हणून विचारतोय. बाबांचा घरचा पीसी २०१० च्या दिवाळीत घेतलेला, तो आता इतका हँग होतो की ते बटण दाबून अंघोळीला जातात आणि अंघोळ, पूजा उरकून आले तरी ह्याचं अजून वेलकमवरच गोल गोल चाललेलं असतं. रॅम २ जीबी, विंडोज ७. नवीन घेऊन देतो म्हटलं तर ऐकत नाहीत, कारण आजोबा जुन्या गिरणीत जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते, त्यांच्या आठवणी बाबा त्याच्यावर टाइप करतायत, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, दोनशेच्या वर पानं झाली आणि त्या कीबोर्डला हात बसलाय. इथं ऑनलाइन ८ जीबीची डीडीआर३ (रॅमचा एक प्रकार) स्वस्तात दिसतेय. घेऊन टाकू का?

— साखर पेठ (हल्ली मुक्काम टोरांटो)

*

८ काय, दोन घे आणि १६ कर बे! रॅम कधी जास्त होत नसते. येताना शेंगा चटणी विसरू नको, मागच्या वेळी लाडू आणलास आणि चटणी विसरलास.

— जुळे सोलापूर

*

मी म्हणतो पंधरा वर्षांच्या मशीनवर पैसे घालायचेच कशाला? विंडोज ७ चे अपडेट २०२० लाच बंद झाले, १० चे पण १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद, आणि ११ त्या मशीनवर चढणारच नाही. नवीन घेऊन द्या आणि मोकळे व्हा. संक्रांतीच्या जेवणाचे पैसे अजून अकरा घरांकडून यायचेत, ते पण बघा.

— खजिनदार

*

खजिनदारसाहेब, नवीन घ्यायचा सल्ला सोपाय, पण रॅमचे भाव २०२५ च्या दिवाळीपासून कसे कडाडलेत ते बघितलंत का, सगळा माल एआयवाल्यांच्या डेटा सेंटरकडे चाललाय. आणि बाबांचा प्रश्न मशीनचा नाहीच, दोनशे पानांचा आहे.

साखर पेठवाल्या बाळा, तू घाई करू नकोस. रॅम किती घ्यायची हे तुझं पाकीट ठरवत नाही, बाबांचा मदरबोर्ड ठरवतो. आणि त्याच्या आधी विंडोज. कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं ३२-बिट लिहिलंय का ६४-बिट ते बाबांना फोनवर वाचायला सांग. ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला दिसतच नाही, तू आठ घाल नाहीतर ऐंशी घाल. २०१० च्या आसपास आपल्याकडच्या दुकानदारांनी सरसकट ३२-बिटच टाकून दिलेलं असायचं, म्हणून म्हणतो.

दुसरं, २०१० ला डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही चालू होत्या. दोघींना पिना २४० च, लांबीही तीच, फक्त मधली खाच जरा इकडे-तिकडे. एकीच्या जागी दुसरी बसत नाही आणि जोर लावून बसवायला गेलास तर स्लॉट तुटतो. कुणाच्या लॅपटॉपमधली काढलेली देतो म्हणाले तर ती आखूड असते, ती पण चालत नाही. तेव्हा विकत घ्यायच्या आधी सीपीयूचा डबा उघड, आहे ती रॅमची स्टिक बाहेर काढ आणि तिच्यावरचं लेबल वाच. पीसी२ असेल तर डीडीआर२, पीसी३ असेल तर डीडीआर३. पुढचा आकडा १०६०० असेल तर ती १३३३ स्पीडची, १२८०० असेल तर १६०० ची. जास्त स्पीडची घेतलीस तरी बोर्डाला झेपेल तेवढ्यावरच पळते, त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजू नकोस.

मदरबोर्डावर जी४१ (इंटेलचा एक जुना चिपसेट) लिहिलेलं दिसलं तर काही घ्यायच्या आधी मला कळव.

— बाळीवेसचे काका

*

काका, चूक झाली. तुमचा मेल विमानतळावर वाचला, तोवर ८ जीबीची स्टिक बॅगेत होती.

आता इथलं ऐका. काल अक्षता सोहळा बघून आलो, नंदीध्वज डोळे भरून बघितले, आणि दुपारी सीपीयू उघडला. आत धुळीची चादरच होती, सोलापुरी, पंख्याच्या पात्यांवर फेल्टसारखी चिकटलेली. ब्रशनं काढली. बोर्डावर बारीक अक्षरात जी४१ च लिहिलंय, दोन स्लॉट, एकात २ जीबी, पीसी३-१०६००, दुसरा पंधरा वर्षं रिकामाच होता, इतकी वर्षं कुणी बघितलं पण नाही. मी आपली ८ जीबी त्यात बसवली, दोन्ही बाजूच्या क्लिप टक टक बसल्या, बरं वाटलं. बटण दाबलं तर स्क्रीन काळी आणि आतून लांब लांब बीप, थांबायलाच तयार नाही. बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "काय रे, गिरणीचा भोंगा झाला काय?" नवीन काढली, जुनीच परत लावली तरी भोंगा चालूच. आता माझे हातपाय गार पडले की काका. दोनशे पानं.

आणि हो, विंडोज ३२-बिटच आहे.

— साखर पेठ

*

घाबरू नकोस, पानं हार्डडिस्कवर असतात, रॅम बोंबलली म्हणून ती कुठं जात नाहीत. जुनी स्टिक काढताना-घालताना तिच्या सोनेरी पट्टीवर धूळ नाहीतर घाम लागला असणार. शाळेचं पांढरं खोडरबर घे, ती सोनेरी पट्टी दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं पूस, रबराचा चुरा फुंकून नाही, ब्रशनं झटक, फुंकरीबरोबर थुंकी जाते. पिन भिंतीतून काढ, मग पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धर म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. सीपीयूच्या पत्र्याला आधी हात लाव, थंडीच्या कोरड्या हवेत अंगात स्टॅटिक साठतं, त्यात शाल बिल पांघरून बसला असशील तर काढून ठेव. मग बसव.

तुझी ८ ची का चालली नाही ते सांगतो, कारण हे दुकानदार पण सांगत नाहीत. जी४१ ला एका काळ्या चिपमध्ये पाव जीबीपर्यंतच समजतं (त्यांच्या भाषेत २ गिगाबिट). स्टिकवर जास्तीत जास्त सोळा चिप्स, एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. सोळा पाव म्हणजे चार. म्हणून ह्या बोर्डाला एका स्लॉटमध्ये ४ जीबीच्या वर नाहीच. तुझ्या ८ च्या स्टिकवर सोळाच चिप्स असतील, म्हणजे एकेक अर्ध्या जीबीची, ती त्याला वाचताच येत नाही. ह्याच कारणानं ४ जीबीची घेतली तरी आठच चिप्सवाली चालणार नाही, सोळावालीच पाहिजे. आणि ऑनलाइन जी अगदी स्वस्त मिळते, खाली बारीक अक्षरात फक्त एएमडीसाठी असं लिहिलेलं असतं, ती तर इंटेलच्या बोर्डावर अजिबात घेऊ नकोस.

पण तुला ४ ची गरजच नाही. ३२-बिट आहे ना, मग रिकाम्या स्लॉटात अजून एक २ जीबी टाक, झाले चार. शक्यतो जुनीसारखीच, १०६०० ची, म्हणजे दोन्ही जोडीनं चालतात, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. उरलेल्या पैशात एक छोटी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) घे आणि जुनी डिस्क त्याच्यावर जशीच्या तशी क्लोन करून घे. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर लिहीत-वाचत बसतो, ती डिस्क हळू असली की अंघोळ-पूजा होते. आणि त्याच्या आधी, आजच्या आज, पानं पेनड्राइव्हवर काढ. फॉन्टची फाइल पण कॉपी कर, ती हरवली तर पानं उघडतील पण वाचता येणार नाहीत.

— बाळीवेसचे काका

*

रबर चाललं! बाबांच्याच कंपासपेटीतलं होतं.

मग नवी पेठेत गेलो. पहिल्या दुकानात "अहो हे कुठं मिळतंय आता, नवीन घेऊन टाका" म्हणाले, वर आपल्या खजिनदारांसारखंच हसले. दुसरीकडे एका जिन्याखाली छोटंसं रिपेअरिंगचं दुकान, अण्णा फोनवर तेलुगूत बोलत होते, बोलता बोलताच मी दाखवलेली जुनी स्टिक उलटी-सुलटी करून बघितली, एका बाजूच्या चिप्स बोटानं मोजल्या, ड्रॉवर उघडला, आत मसाल्याच्या डब्यासारख्या पन्नास-साठ स्टिक, त्यातून नेमकी जुळणारी काढली. वापरलेली. ४०० सांगितले, ३०० ला दिली, पंधरा दिवसांची तोंडी गॅरंटी. ८ ची दाखवली तर म्हणाले, "ही मला द्या, एच६१ बोर्डवाल्याला लागते, तुमच्यात चालायची नाही." म्हणजे काका, जे तुम्ही एवढं लिहिलंत ते ह्या माणसाला बोटांवर पाठ होतं. दिली त्यांनाच, बदल्यात एसएसडीमध्ये कमी केले. क्लोन पण त्यांनीच करून दिली, दोन तास लागले, तोवर दोनदा चहा.

रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून झोपलो. सकाळी सहाला बघितलं तर एरर शून्य. आता पीसी चालू व्हायला पाऊण मिनिट. बाबांची अंघोळ लांबणीवर पडली.

फक्त एक भानगड आहे. बाबांनी प्रॉपर्टीज उघडून बघितलं, तिथं लिहिलंय ४.०० जीबी आणि पुढं कंसात ३.२५ युजेबल. तेव्हापासून म्हणतायत पाऊण जीबी त्या दुकानदारानं मारली, जाऊन परत माग. काय सांगू?

— साखर पेठ

*

सांग की दुकानदारानं नाही मारली. ३२-बिट विंडोजला मेमरीतल्या जागांचे पत्तेच चार जीबीचे मोजता येतात, आणि त्यातले काही पत्ते ग्राफिक्स, बोर्डावरचे बाकीचे भाग ह्यांच्या नावावर आधीच लागलेले असतात, तेवढी रॅम असून वापरता येत नाही. आजोबा जॉबर होते ना, बाबांना म्हणावं खात्यात माग शंभर असले तरी रिपेअरला उभे असलेले धरून मोजायचे नसतात. ते समजतील.

मेमरी उरलीच तर त्या पानांतलं एखादं लिस्टवर पाठव, स्कॅन करून, आम्हा कुणाकडे तो फॉन्ट नाही.

— बाळीवेसचे काका

*

समजले. म्हणाले, "मग आधी सांगायचं ना तसं." आत्ता टायपिंग चालू आहे, पान २१४, भोंग्याचंच.

खजिनदारसाहेब, आमच्या घराचे जेवणाचे पैसे भरलेत, अकरातलं एक घर कमी समजा.

— साखर पेठ

*

आणि चटणी?

— जुळे सोलापूर