मदत हवी आहे: पाण्यात श्वास रोखताना आचके उशिरा का येतात?

दोन महिने श्वास रोखण्याचा सराव करतोय. गादीवर पडून दीड मिनिट झालं की पोटात आचके सुरू होतात. गार पाण्यात चेहरा बुडवला की मात्र ते उशिरा येतात, नाडी ७० वरून ५५ वर उतरते आणि बोटं पांढरी पडतात. चेहऱ्याला गारवा लागला की हृदय मंदावतं, हातापायांचं रक्त आत वळतं, एवढं वाचलंय. (गळाभर पाण्यात लगेच लघवीला होते, तेही पाण्याच्या दाबाने रक्त छातीकडे सरकल्यामुळेच ना?)

खरी काळजी वेगळीच आहे. आचके उशिरा येतात म्हणजे प्राणवायू खरंच जास्त पुरतो, की फक्त इशारा उशिरा मिळतो आणि शुद्ध आधीच हरपू शकते? सोबत्याशिवाय मी पाण्यात उतरत नाही, पण त्यालाही नेमकं काय बघायचं ते सांगायचंय. जाणकारांनी, डॉक्टरांनी कृपया सांगा.