राज्याच्या हातात बरंच काही आहे
"हवामानाचे कायदे दिल्लीत होतात, राज्याच्या हातात काय?" हे काही पटलं नाही. वीज समवर्ती सूचीत आहे, म्हणजे तिच्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. वितरण कंपनीने किती टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घ्यायची, हे ठरवण्याचं काम २००३ च्या वीज कायद्याने (कलम ८६) राज्यांच्या वीज नियामक आयोगांकडेच दिलं.

आणि शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना महाराष्ट्र राज्याचीच की! २०१७ ला राळेगणसिद्धी आणि कोळंबीपासून सुरू झाली. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पासाठी दिलेल्या पडीक जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं ठरलं. मामाच्या गावचा फीडर (शेतीपंपांना वीज पुरवणारी वाहिनी) सौरवर गेल्यापासून रात्री बॅटरी घेऊन, बिबट्याच्या धाकात उसाला दारं धरणं थांबलं. प्रदूषणाचं मामाला सोयरसुतक नाही, त्याला दिवसा लाईट हवी होती. आभाळ भरून आलं की मोटर रडते, ही तक्रार मात्र आहेच.