चौंडकं, नवी लोकगीतं आणि पोकरचं नशीब

दादा, तुम्ही म्हणताय हल्लीची लोकगीतं म्हणजे नुसता डीजे, आणि वर विचारताय की ऑनलाइन पोकरमध्ये माझेच एक्के का हरतात. दोन्हीवर बोलतो की.

गाण्याचं मला नाही पटत. आपल्या बेळगाव-खानापूर भागातली पोरं हलगीला गिटार जोडून एकाच गाण्यात मराठी नि कन्नड गातात ते मला मनापासून आवडतं, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या यात्रेत दोन्ही भाषा तशाच एकत्र चालत आल्यात. फक्त चौंडकं, म्हणजे यल्लम्माच्या गाण्यांत वाजतं ते तारेचं वाद्य, तेवढं कीबोर्डवर वाजवू नका रे बाबांनो! बगलेत धरून तार ताणली-सैल केली की सूर जसा घसरतो आणि खालच्या चामड्यात घुमतो ते कीबोर्डमधल्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात (सॅम्पलमध्ये) येत नाही म्हणजे नाहीच. खरा वाजवणारा बसवा, माईक जवळ लावा आणि त्याला नीट पैसे द्या.

आता पोकर. सुरुवातीला हातात जे दोन पत्ते येतात ते दोन्ही एक्के, म्हणजे सगळ्यात भारी जोडी, असायचा चान्सच २२१ डावांत एकदा, आणि समोरच्याकडे दोन राजे असले तरी नंतर टेबलावर उघडणाऱ्या पत्त्यांमुळे साधारण १८ टक्के वेळा एक्के हरतातच, ऑनलाइन डाव पटापट पडतात म्हणून असले हरलेले डाव जास्त बघायला मिळतात आणि तेच डोक्यात बसतात. बाकी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा अजून पैसे घेणारं ॲप असेल तर आजच काढून टाका दादा, पैसे बुडाले तर दाद मागणार कुणाकडे?