सप्ताहात अवयवदानाचा विषय मांडायचाय, पण दहाव्याच्या कावळ्यावर अडकलोय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. यंदा काल्याच्या आदल्या दिवशी हरिपाठ आणि कीर्तन यांच्या मधली वीस मिनिटं अवयवदानावर बोलायला मागून घेतली आहेत. मी डॉक्टर नाही. तालुक्याला मेडिकल चालवतो आणि कीर्तनात टाळ धरतो, एवढीच पात्रता.

कमिटीत विषय काढला तेव्हा कुणीतरी शास्त्र काढणार असं वाटलं होतं. तयारीही होती: दधीची, शिबी राजा, गीतेतला जीर्ण वस्त्रांचा श्लोक. अध्यक्ष आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि म्हणाले, "दधीचीनं स्वतः दिलं रे. इथं माणूस बेशुद्ध आणि सही करणार पोरगा." गप्प बसलो.

दुसरी अडचण त्याहून मोठी. चार वर्षांपूर्वी गावातल्या एका आजींचं नेत्रदान झालं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर, पण एक खाली उतरेल तर शपथ. दीड तास गेला. नातीच्या लग्नाचा शब्द देऊन झाला, शेताच्या वाटणीचा देऊन झाला. शेवटी सुनेनं चहाची कपबशी आणून ठेवली, तेव्हा कावळा शिवला. (आजींना दिवसातून सहा वेळा चहा लागायचा!) पण गावात चहा कुणाच्या लक्षात राहिला नाही. राहिलं ते एवढंच: "डोळेच नाहीत, म्हातारीला घास दिसंना." त्यानंतर गावात एकही नेत्रदान नाही.

तिसरं म्हणजे मेंदूमृत, म्हणजे मरणानंतर ज्याचे अवयव घेतात तो यंत्रावरचा माणूस. कोमा वेगळा आणि मेंदूस्तंभ (श्वास चालवणारा मेंदूचा खालचा भाग) मरणं वेगळं, तिथून माणूस परत येत नाही, हे मला समजलंय. चार डॉक्टरांची समिती असते, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी होते, प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला डॉक्टर त्या समितीत चालत नाही. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात आणि त्याच्या नियमांतच तशी सोय आहे. पण छाती वरखाली होतेय, हात गरम लागतोय, त्याला 'गेला' कसं म्हणायचं? आमच्याकडे श्वास थांबला की प्राण गेला.

तर कावळ्याच्या शंकेला थट्टा न करता काय सांगू? आणि अवयवदानाचे फॉर्म मांडवातच भरून घेऊ का?

प्रतिसाद १

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. श्वासाची व्याख्या बदलायला जाऊ नका, तीच वापरा. त्या तपासणीत एक चाचणी असते: ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर बाजूला करतात आणि छातीकडे बघत थांबतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, तरी माणूस स्वतःहून एकही श्वास घेत नाही. म्हणजे आजोबांच्या हिशेबानंही प्राण गेलेलाच आहे, हवा यंत्र भरतंय. नातेवाइकांना मी हेच सांगते.

देहदान आणि अवयवदान यांचा घोळही आधीच मिटवा. देहदानात देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातो. अवयवदानात शिवून, स्वच्छ करून घरच्यांच्या ताब्यात देतात. अंघोळ, अग्नी, दहावा, तेरावा सगळं होतं.

प्रतिसाद २

फॉर्म मांडवात अजिबात नको. एक तर ऑनलाइन नोंदणीला आता आधार लागतं, म्हातारी माणसं ओटीपीसाठी नातवाला शोधत बसतील. शिवाय फॉर्म भरलेला असला तरी ऐन वेळी घरच्यांची संमती घेतातच. आमच्या वडिलांचं कार्ड कपाटात होतं, आम्हाला सापडलं वर्षश्राद्धाला. पंगतीला बसल्यावर मुलाला, सुनेला तोंडानं सांगा म्हणावं. "सही करणार पोरगा" याचं उत्तरही तेच. बापानं आधी सांगून ठेवलं असेल, तर पोरगा फक्त निरोप पोचवतो.

आणि खेड्यात सुरुवात नेत्रदानापासून करा. अवयवदान हॉस्पिटलमध्येच होतं, नेत्रदान घरीही होतं. नेत्रपेढीला लगेच कळवायचं, कारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावं लागतं; ते लोक येईपर्यंत पंखा बंद, डोळे मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, साखर, काही आड येत नाही. दोन बुबुळं बहुधा दोन माणसांना बसतात.

कावळ्यावर तुम्ही बोलूच नका. आजींच्या घरच्यांना बोलू द्या.

धागाकर्ता

दोघांचे आभार. श्वासाचं आजोबांना सांगितलं. "मग यंत्र बंद करून दाखवतात म्हण की," एवढंच म्हणाले, पण वीस मिनिटांचा अर्धा तास करून दिला.

आजींच्या मुलाकडे जाऊन आलो. तो आधी नाहीच म्हणाला. निघताना सूनबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी सांगते. कपबशी मीच ठेवली होती." फक्त माइक नको म्हणतायत.