पहिलं अन्न म्हणून बेबी सिरिअल: पोषण खरंच किती?

ओलीपाटी: बाळ पुढच्या आठवड्यात सहा महिन्यांचं होईल. फक्त अंगावरचं दूध चालू आहे. मान धरतं, आधाराने बसतं, चमचा पुढे केला की तोंड उघडतं. कुणी म्हणतं सिरिअल (बाळांसाठीची तयार धान्याची पूड) हवंच, कुणी म्हणतं ते नुसतं पीठ. पाकिटावर नेमकं काय बघायचं आणि द्यायचं किती?

चौकटराजा: लोहासाठी द्या. पिष्ट काय, कशातूनही मिळतं. जन्मतः असलेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह लिटरमागे जेमतेम ०.३५ मिग्रॅ, आणि ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिग्रॅ लागतं. (हा आकडा खाल्लेल्यापैकी १० टक्केच अंगी लागेल असं धरून काढलाय, पुन्हा कापाकापी करू नका.) फॉर्म्युला (बाळांसाठीचं खास पावडरचं दूध) घेणाऱ्या बाळाला त्यातूनच लोह मिळत असतं, तिथे एवढी घाई नसते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचा साठा लवकर संपतो. त्याला लोहाचे थेंब लागतील का, ते डॉक्टर ठरवतील.

पाकीट उलटं करा आणि १०० ग्रॅममागे लोह किती ते वाचा. ३० मिग्रॅ असेल तर १५ ग्रॅम कोरड्या पुडीत ४.५ मिग्रॅ. ६ मिग्रॅ असेल तर १ सुद्धा नाही, म्हणजे तुम्ही ऐकलंत ते 'नुसतं पीठ' हेच. मग घटकांची यादी बघा. साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पूड) वरच्या तीन-चारांत असेल तर परत ठेवा. मध असेल तर वर्षाआतल्या बाळाला अजिबात नाही, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो.

मोजमाप: पातळपणाबद्दल कुणी बोलत नाही, आणि पोषण तिथेच वाहून जातं. १५ ग्रॅम पुडीत साधारण ६० कॅलरी. ६० मिली पाण्यात कालवली तर ग्रॅमला ०.८ कॅलरी पडते, ती ठीक. १२० मिलीत कालवली तर ०.४५! पोट भरतं, अंगी काहीच लागत नाही. पाण्याऐवजी ६० मिली आईचं दूध घेतलं तर तेवढ्याच वाटीत १०० च्या आसपास कॅलरी.

आधी कोमट द्रव वाटीत, मग पूड वरून भुरभुरवत ढवळायची. उकळतं ओतलंत तर गुठळ्या होतात. मिनिटभर थांबा, आपोआप घट्ट होतं. चमचा तिरका केला तर हळूच घसरलं पाहिजे, ओघळता कामा नये.

पहिले तीन-चार दिवस एक-दोन छोटे चमचे, मग वाढवत दिवसातून २-३ वेळा.

ओलीपाटी: आईच्या दुधात कालवलेलं थोड्या वेळाने पाणचट होतं, असं वाचलं. पूड खराब असते का?

मोजमाप: पूड चांगलीच असते. आईच्या दुधात अमायलेज नावाचं पाचक द्रव्य असतं, ते पिष्ट फोडतं. उष्टा चमचा वाटीत गेला की लाळेनेही हेच होतं. म्हणून थोडंच कालवा, उरलेलं टाकून द्या.

ओलीपाटी: तांदळाचं की ओट्सचं? आणि रात्री बाटलीत घालून दिलं तर झोप लागते म्हणतात.

चौकटराजा: बाटलीत नको. ठसका लागतो, पोट भरल्याचा अंदाज बाळाला येत नाही, आणि झोप लांबते याला काही आधार नाही.

तिसरीघंटा: रोज फक्त तांदळाचं नको. भाताचं पीक पाण्यात उभं राहतं आणि जमिनीतलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त ओढून घेतं. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) २०२० साली बाळांच्या तांदूळ-सिरिअलमध्ये असेंद्रिय आर्सेनिकची (त्याचं जास्त घातक रूप) पातळी अब्जांशी १०० अशी ठरवली, ती यासाठीच. ओट्स, बार्ली, गहू आलटून पालटून द्या. गव्हाला घाबरून वर्ष थांबायची गरज नाही. तांदळाने शी घट्ट झाली तर ओट्सवर या.

आणि चौकटराजा, 'लोहासाठी द्या' हे अर्धंच. मांसातलं लोह धान्यातल्यापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं. घरात चालत असेल तर मऊ शिजवून बारीक वाटलेलं मांस पहिल्याच आठवड्यात देता येतं.

चौकटराजा: मान्य. मांस चालत नसेल तर सिरिअलसोबत त्याच जेवणात क जीवनसत्त्वाचं काही द्या, कुस्करलेली पपई किंवा संत्र्याचा गर. धान्यातलं फायटेट हे द्रव्य लोह अडवून ठेवतं, क जीवनसत्त्व ते सोडवतं. गाईच्या दुधात मात्र कालवू नका, त्यातलं कॅल्शियम आणि केसीन (दुधातलं प्रथिन) उलटं काम करतं.

तिसरीघंटा: शी काळपट-हिरवी दिसली तर दचकू नका, न शोषलेलं लोह असतं ते. लाल किंवा डांबरासारखी चिकट काळी असेल तर दाखवून घ्या.