दुबईत बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न: पुण्यातल्या प्रदर्शनात एजंट मागे लागलाय, बुकिंगचे पैसे क्रेडिट कार्डाने भरा, कागद मागाहून देतो. बाबांच्या निवृत्तीचे पैसे आहेत हो, धाकधूक वाटते.

उत्तर: कार्ड अजिबात देऊ नका! पैसे बाबांच्या बँकेतूनच, एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली पाठवा. माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. एजंटच्या खात्यात एक दिरहमही नको. दुबईच्या २००७ च्या कायद्यानुसार अशा प्रकल्पाचं स्वतंत्र एस्क्रो खातं असतं, म्हणजे खरेदीदारांचे पैसे त्याच प्रकल्पासाठी राखून ठेवणारं बँक खातं; त्यातच भरा. ‘ओकूद’, म्हणजे बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटची दुबईतली सरकारी नोंदणी, बाबांच्या नावावर झालीय का, तेही बघा.

दुसरं उत्तर: बाबांच्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता भरा. भाडं येत नसलं तरी. लपवलं तर १० लाखांचा दंड होऊ शकतो.

प्रश्नकर्ता: एस्क्रोचा नंबर मागितला, तर “उद्या देतो” म्हणाला. तोवर आमच्याकडून बुकिंग बंद.