आधी आईबाबा शांत, मग लेकरू

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून कामावरून परतलं की दोन वर्षांची लेक जास्तच आकांत करते, काय करावं, असं एका पालकाने विचारलंय. 'लाडावलीय' म्हणणं घाईचं होईल. या वयात स्वतःला आवरणं एकट्याने जमतच नाही, मूल मोठ्यांच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून सावरतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ च्या प्रयोगात आईने काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवताच बाळं बिथरली. मोबाइलमध्ये बघत 'गप्प बस' म्हणणं (सर्रास चालतं हे!) त्याच जातीचं.

मुंबई नाक्याची कोंडी डोक्यात असताना लेकीला लगेच उचलू नका. दाराबाहेर पाच-सहा श्वास, सोडताना लांब. मग खाली बसून हळू आवाजात एकच वाक्य: 'राग आलाय ना? मी आहे.' समजावणं रडं ओसरल्यावर. आधी तिला ऐकूच येत नाही. ओरडलात तर नंतर जवळ घेऊन सॉरी म्हणा.

तुमचीच झोप-भूक दोन आठवडे उडालेली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.